बॅटरीतलं पाणी

मी बी.एस्सी. आहे. फिजिक्स-केमिस्ट्री, नांदेडच्या कॉलेजातून, सेकंड क्लास. कुणी विचारलं नाही तरी मी हे सांगतो, आणि सांगताना अजूनही मान जराशी ताठ होते. कंधार तालुक्यातल्या आमच्या गावात, आमच्या बौद्धवाड्यात, माझ्या आधी कॉलेजचं तोंड कुणी पाहिलं नव्हतं. त्यामुळे त्या तीन अक्षरांचा मला अभिमान आहे, होता आणि राहील. पण त्याच तीन अक्षरांनी माझ्या हातून एक गोष्ट झाली. ती लिहून ठेवावी असं बरेच दिवस मनात होतं.

माझा थोरला भाऊ माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठा. आम्ही त्याला दादा म्हणायचो. सातवीनंतर त्याने शाळा सोडली आणि नांदेडला देगलूर नाक्यावर एका उस्तादाच्या हाताखाली राहिला. मोटारसायकलची बॅटरी, डायनामो, हॉर्न, दिवे, एवढंच काम. उस्ताद इंजिनाला हात लावायचा नाही. "बिजली का काम साफ काम है" म्हणायचा. दादा शिकून तयार झाला, लग्न झालं आणि अहमदपूरला बस स्टँडच्या बाजूला एका चहाच्या हॉटेलासमोर बसायला लागला. दुकान नाही. हॉटेलवाल्याने बसू दिलं म्हणून बसायचा. एक पोतं अंथरायचं, त्यावर हत्यारं मांडायची, आणि संध्याकाळी सगळं गोळा करून पिशवीत घालून घरी न्यायचं. उन्हाळ्यात सकाळी हॉटेलाची सावली असायची, दुपारी ती पलीकडे सरकायची आणि दादा उन्हात. तो घरात कमवायला लागला म्हणून मी शिकलो, हे वेगळं सांगायला नको.

लातूर जिल्हा नुकता वेगळा झाला होता. त्यातच पावसाने सलग दोन सालं ओढ दिली. नवा जिल्हा म्हणजे नवी कार्यालयं, नवी टेबलं, नवे शिक्के. जुने लोक अजून सवयीने कागदावर उस्मानाबाद लिहायचे आणि खोडायचे. पाण्याच्या टंचाईचं काम बघणाऱ्या एका कार्यालयात मला लिपिकाची जागा मिळाली. हंगामी होती, पण सरकारी होती. माझ्याकडे टँकरच्या फेऱ्यांचं रजिस्टर आणि कार्यालयाच्या चार मोटारसायकली, म्हणजे त्यांचं पेट्रोल, दुरुस्ती, देखभाल. चारही एकदमच आलेल्या, एकाच जातीच्या. आमचे साहेब उपअभियंता. त्यांना जीप मिळायची होती, ती काही मिळत नव्हती, म्हणून तेही मोटारसायकलवरच गावोगाव फिरायचे. माणूस पुण्याकडचा, शिस्तीचा, रोज इस्त्रीचा शर्ट.

त्या गाड्यांना आजच्यासारखं काही नव्हतं. सहा व्होल्टची बॅटरी, इंजिनासोबत फिरून वीज तयार करणारा डायनामो, आणि दोन्हींच्या मध्ये एक डबी, तिला कट-आउट म्हणायचे. गाडी चालू असली की कट-आउट डायनामो आणि बॅटरी जोडतो, गाडी बंद झाली की तोडतो. तोडला नाही तर बॅटरीतली वीज उलटी डायनामोत वाहून जाते. आणि बॅटरी मेली की गाडी मेली, कारण ठिणगीच बॅटरीवर पडायची.

उन्हाळ्याच्या तोंडाशी साहेबांची गाडी त्रास द्यायला लागली. दिवसभर चालायची. रात्रभर उभी राहिली की सकाळी हॉर्न मुका, दिवा लालसर, किक मारून मारून शिपाईमामांचा पाय दुखायचा. मामा म्हणायचे, "साहेबांची गाडी नवरीवानी हाय. रोज सकाळी ढकलत न्यावं लागतंय सासरला."

लातूरमध्ये तेव्हा दोन-तीन गॅरेजं होती. साहेबांच्या मनात असं होतं की चारही गाड्यांचं काम एकाच मिस्त्रीला कायम द्यावं. कंपाउंडला लागून एक पत्र्याची खोली रिकामी होती. पूर्वी तिथे सिमेंटची पोती ठेवायचे. ती मिस्त्रीला वापरायला द्यायची, कार्यालयाच्या गाड्या आधी करायच्या, मग बाहेरचं काम करायला मोकळा. शेजारी आणखी तीन कार्यालयं होती, तीही आली असती.

मी साहेबांना म्हणालो, "साहेब, माझे मोठे बंधू बॅटरी-डायनामोचंच काम करतात. नांदेडला शिकलेत."

'शिकलेत' हा शब्द मी मुद्दाम वापरला. उस्तादाचं आणि पोत्याचं काही बोललो नाही.

"बोलवा," साहेब म्हणाले. "ही गाडी नीट करून दाखवू द्या. मग बघू."

मी अहमदपूरला निरोप धाडला. वहिनीला फार आनंद झाला, हे मला नंतर कळलं. तिने हॉटेलवाल्याच्या बायकोला सांगूनही टाकलं की आम्ही आता लातूरला चाललो, पत्र्याखाली.

दादा पहिल्या एसटीने आला. धुतलेला शर्ट, खांद्याला पिशवी. मला बघून हसला आणि हळूच म्हणाला, "बापू, तुझ्या आफिसात मी तुला अहोजाहो करू का?"

"काहीतरीच काय."

"न्हाई, विचारलेलं बरं. लोकं बघायलेत."

साहेब, मामा आणि मी, आम्ही तिघं उभे. दादाने गाडीला लगेच हात लावला नाही. एक चक्कर मारली. मग बॅटरीच्या वायरी हलवून पाहिल्या, घट्ट होत्या. मामांनी ढकलून गाडी चालू केली. हॅंडलमधला लाल दिवा लागला आणि दादाने मूठ पिळल्याबरोबर विझला. तो दिवा विझतो म्हणजे डायनामो वीज देतोय. दादाने तेवढ्यावर विश्वास ठेवला नाही. पिशवीतून एक बल्ब काढला, दोन वायरी जोडलेला. एक टोक डायनामोला, एक गाडीच्या अंगाला. मूठ पिळली. बल्ब भक्कन पेटला.

"चार्जिंग हाय साहेब. डायनामोची तब्येत आपल्यापेक्षा बरी हाय," दादा म्हणाला.

मग त्याने कट-आउटची डबी उघडली, गाडी बंद केली, आतले पॉइंट सुटताना पाहिले, परत चालू केली, परत बंद केली. चार वेळा. डबी लावून टाकली. मग बॅटरीची बुचं काढली आणि उजेडाकडे तिरकी करून आत पाहत राहिला. खूप वेळ पाहिलं.

"ह्यात पाणी कोण टाकतंय?"

मी पुढे झालो. मला सांगायचंच होतं. "मी टाकतो. स्वतः. शिपायावर सोडत नाही."

बॅटरीला शुद्ध पाणी लागतं. तसल्या पाण्याची बाटली लातुरात कधी मिळायची, कधी नाही, आणि त्या उन्हाळ्यात तर प्यायच्या पाण्याची मारामार. बाकीच्या तीन गाड्या कमी फिरायच्या, त्यांना वरचेवर पाणी लागत नव्हतं; साहेबांच्या गाडीसाठी म्हणून मी माझी पद्धत काढली होती. कार्यालयाच्या बोअरचं पाणी घ्यायचं. ते जड होतं, त्यात डाळ शिजत नव्हती. पण मी केमिस्ट्रीवाला. पाणी उकळलं की जडपणा जातो, हे मी परीक्षेत लिहून मार्क घेतलेला माणूस. पातेल्यात अर्धं होईपर्यंत उकळायचं, थंड करायचं, वरचं निवळ पाणी मलमलच्या फडक्यातून गाळायचं. साहेबांना हे सांगितलं तेव्हा ते खूश झाले होते. "सायंटिफिक टेंपर," म्हणाले होते.

"उकळून, गाळून टाकतो," मी दादाला सांगितलं.

दादाने माझ्याकडे पाहिलं. मग साहेबांकडे पाहिलं. बुचं एकेक करून परत लावली, हाताने घट्ट केली.

"साहेब, मी बॅटरी भरून आणून वायरी सोडून ठिवतो. एक रात्र. उद्या सकाळी सांगतो."

"एक रात्र? त्याने काय होणार?"

"वायर सोडलेली बॅटरी सकाळी भरलेली निघाली तर गाडीत चोर हाय. रिकामी निघाली तर चोर बॅटरीच्या पोटात हाय."

साहेबांनी घड्याळ पाहिलं. त्यांना निलंग्याकडे जायचं होतं, दोन दिवसांचा दौरा. "आज सांगता येत नाही का?"

माझ्या टेबलाच्या खणात मीटर होता. पहिल्या पगारात नांदेडहून घेतला होता, काळ्या चामड्याच्या पिशवीतला, काट्याचा. कॉलेजच्या प्रयोगशाळेत आठ जणांत एक मीटर असायचा आणि माझ्या वाट्याला शेवटी यायचा. म्हणून घेतला होता. आतापर्यंत त्याला काम मिळालं नव्हतं. मी आत गेलो आणि मीटर घेऊन आलो.

आता लिहिताना कळतं की त्या वेळी मला गाडी दुरुस्त करायचीच नव्हती. मला दोन्ही माणसांसमोर एकदम उभं राहायचं होतं. साहेबांना दिसावं की हा नुसता लिपिक नाही, आणि दादाला दिसावं की त्याने शिकवलं ते वाया गेलं नाही.

मी बॅटरीला मीटर लावला. गाडी चालू असताना काटा झपकन वर गेला. बंद केली तर भराभर खाली यायला लागला. मी तो सगळ्यांना दाखवला. म्हणालो, "बघा. चार्ज होतेय, आणि गाडी बंद झाली की वीज उलटी जातेय. कट-आउट चिकटतोय. गाड्यांसोबत आलेल्या पुस्तकात अगदी हेच दिलंय."

पुस्तकात खरंच दिलं होतं. पण काटा झपकन वर जाणं आणि भराभर उतरणं हे खराब झालेल्या बॅटरीचंही लक्षण आहे, आणि तेही त्याच पुस्तकात पुढच्या पानावर दिलेलं असतं. मी तिथपर्यंत वाचलं नव्हतं.

दादा माझ्या कानाजवळ आला. "बापू, पॉइंट मी बघितलेत. सुटायलेत ते. चार बार बघितलं."

आणि मी मोठ्याने म्हणालो, "दादा, डोळ्याला दिसत नाही ते मीटरला दिसतं."

शिपाईमामा हसले. साहेबही हसले. "बघा मिस्त्री, शिकलेला भाऊ असला की असं होतं." दादासुद्धा हसला. "हाव साहेब. आमचं शिक्षण बल्बापुरतं," म्हणाला.

त्याने बाजारातून नवा कट-आउट आणला आणि बसवला. मी सांगितलं म्हणून बसवला. बॅटरी एका दुकानात चार तास चार्जिंगला लावून आणली, गाडीत घातली, गाडी पहिल्या किकला चालू झाली. साहेबांनी जाताना दादाला विचारलं, "खोली बघितली का?" दादा खोली बघून आला. दाराला कडी नव्हती, ती बसवून घेऊ म्हणाला. एक खिडकी होती, तिच्याखाली बॅटरीचं टेबल ठेवता येईल म्हणाला. मी त्याला स्टँडवर सोडायला गेलो तेव्हा तो फारसं बोलला नाही. एसटीत चढताना एवढंच म्हणाला, "ते पाणी बाटलीचंच आणत जा बापू. मिळत नसलं तर मला सांग, मी धाडतो."

"अरे उकळलेलं आहे," मी म्हणालो.

"हाव, हाव," म्हणाला आणि चढला.

साहेब निलंग्याच्या बाजूच्या एका गावी मुक्कामाला होते. सकाळी गावात टँकर आला, बाया घागरी घेऊन रांगेत उभ्या, आणि साहेबांना पुढच्या गावाला निघायचं होतं. गाडी उठेना. किक मारली, मग गावच्या पोरांनी ढकलली, चढावर ढकलली, उतारावर ढकलली. घामाने इस्त्रीचा शर्ट पाठीला चिकटला. रांगेतली एक म्हातारी म्हणाली म्हणे, "सायेब, आमास्नी पाणी पाजायला आलाव का गाडीला?" सगळी रांग हसली. शेवटी साहेब रिकाम्या टँकरच्या केबिनमध्ये बसून लातूरला आले आणि गाडी दुसऱ्या दिवशी ट्रॅक्टरमधून आली. हे सगळं टँकरच्या ड्रायव्हरने मामांना सांगितलं आणि मामांनी सगळ्या कार्यालयाला.

साहेबांनी मला आत बोलावलं. ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं, कदाचित मीही काही बोललो असतो.

"तुमच्या बंधूंनी काय बसवलं होतं?"

"कट-आउट, साहेब."

"नवा?"

"नवा."

"आणि दुसऱ्याच दिवशी गाडी बंद." त्यांनी पेन उघडलं, मिटलं. "माणूस सरळ दिसतो. पण काम कच्चं आहे."

इथे एक वाक्य बोलायचं होतं. साहेब, निदान माझं होतं, ते तर एक रात्र थांबा म्हणत होते. दहा-अकरा शब्द. माझी हंगामी नेमणूक सहा महिन्यांची होती, दोन महिन्यांनी साहेबांचा अहवाल जायचा होता, त्यावर मी कायम होणार की घरी जाणार ते ठरायचं होतं. हे सगळं खरं आहे. पण मी तेव्हा एवढा हिशेब केला नव्हता. मला फक्त लाज वाटत होती, आणि ती लाज दुसऱ्या कुणाच्या अंगावर जात होती तर जाऊ दे असं झालं.

"जी साहेब," मी म्हणालो.

एवढंच बोललो. 'काम कच्चं आहे' याला 'जी साहेब'.

त्याच आठवड्यात लातुरातल्या एका गॅरेजवाल्याला पत्र्याची खोली मिळाली. तसं पत्र माझ्याच टेबलावरून निघालं, मीच लिहिलं. त्या माणसाने पहिल्या दिवशी बॅटरी काढून टाकली, नवी बसवली, आणि गाडी चालायला लागली.

रविवारी मी अहमदपूरला गेलो. खोलीचं सांगायचं होतं. दादा नेहमीच्या जागी पोत्यावर बसला होता. दुपार झाली होती, सावली सरकलेली, डोक्याला टॉवेल. मी काही बोलायच्या आधी म्हणाला, "गेलं ना काम? जाऊ दे. चहा पी."

आम्ही हॉटेलात बसलो. भट्टीच्या एका कोपऱ्यावर, चहाच्या भांड्यापासून बाजूला, एक जुनी किटली ठेवलेली होती. तिच्या तोंडावर ॲल्युमिनियमचं एक झाकण तिरपं टेकवलेलं. किटलीतली वाफ त्या झाकणाला लागायची, थेंब व्हायचे, आणि ते थेंब झाकणाच्या कडेने घरंगळून खाली एका काचेच्या बाटलीत पडायचे. टप, जरा वेळाने टप.

"हे काय?" मी विचारलं.

"माझं बॅटरीचं पाणी. दिवसभरात पाव बाटली निघतं. हॉटेलवाल्याच्या दोन वायरी मी फुकट करतो, तो ही किटली ठिवू देतो. उस्ताद असंच करायचे."

मी बाटली उचलून उजेडाला धरली.

दादा नेहमीच्या आवाजात म्हणाला, जसं गिऱ्हाइकाला सांगतो तसं, "पाणी उकळलं की चांगलं असतंय ते वर उडतंय. खार, लोखंड, सगळी घाण खाली भांड्यात राहती. जेवढं आटवशील तेवढी दाट."

मी दोन महिने पाणी अर्ध्यावर आटवून, चांगलं वर उडवून देऊन, खालचं गाळून बॅटरीत घालत होतो. जे पाणी डाळीला चालत नव्हतं, त्याच्या दुप्पट खारं. फडक्यातून खार गाळला जात नाही, हे कुठल्याही गृहिणीला माहीत असतं, मिठाचं पाणी करून गाळलं की खडे फडक्यात राहतात आणि मीठ पाण्याबरोबर खाली जातं. उकळल्याने एका प्रकारचा जडपणा जातो आणि दुसऱ्या प्रकारचा जात नाही, हेही मी परीक्षेत लिहिलं होतं. पहिला भाग लक्षात राहिला होता.

"तुला त्या दिवशीच कळलं होतं," मी म्हणालो.

"बुचं काढल्याबरोबर. पट्ट्या पांढऱ्या पडल्या होत्या. आतल्या आतच खायली होती बॅटरी स्वतःला."

"मग बोलला का नाहीस?"

तो चहा बशीत ओतत होता. "कोणापुढं बोलू? तुझ्या साहेबापुढं? म्हणू, माझ्या बी.एस्सी. भावानं बॅटरीत बोअरचं पाणी घातलं? रात्रभर वायर सोडून ठिवू दिलं असतं तर सकाळी गुमान बॅटरी बदलली असती, पाण्याचं नाव काढलं नसतं. कोणाचंच काही गेलं नसतं." बशी फुंकून म्हणाला, "पण तू मीटर आणलास."

त्याच्या आवाजात राग नव्हता, तरी मी बशीकडेच बघत होतो.

"मी उद्या साहेबांना सांगतो," मी म्हणालो. "सगळं सांगतो. खोली परत—"

"नको."

"दादा, मी—"

"नको म्हटलं ना. तुझी आर्डर निघायची हाय. मिस्त्रीचं चुकलं तर लोक दुसऱ्या मिस्त्रीकडं जातेत, मिस्त्री दुसरं गिऱ्हाईक बघतो. तुझं चुकलं तर म्हणतील, ह्यांना जागा दिल्या आन् बघा. गप बस."

मी गप बसलो. दादाचं मी आयुष्यात इतक्या लवकर दुसरं काही ऐकलं नाही. तो 'नको' म्हणाला आणि माझ्या छातीवरचं ओझं उतरलं, हे मला तेव्हाही कळलं होतं. मी त्याच्याशी वाद घालायला हवा होता, निदान एसटी यायच्या वेळेपर्यंत. मी चहा प्यालो, पुढचं बोलणं गावाकडच्या विहिरीवर नेलं, आणि तीनच्या गाडीने लातूरला आलो.

दोन-अडीच महिन्यांनी माझी कायमची ऑर्डर निघाली. साहेबांनी अहवालात चांगलं लिहिलं होतं. मी पेढे घेऊन अहमदपूरला गेलो. वहिनीने पुडा हातात घेतला, दोरा सोडला, आणि म्हणाली, "लातूरचे का भावजी? बरं झालं. लातूरचं काहीतरी आलं आमच्या घरी."

"चूप बस गं," दादा म्हणाला.

"मी काय वाईट बोलले? गोड हायेत म्हटलं."

ती मला कधी टाकून बोलली नाही त्यानंतर. जेवायला वाढायची, मुलांना काकाच्या पाया पडायला लावायची. पण लातूरला ती कधीच मुक्कामाला आली नाही. लग्नकार्य असलं तरी संध्याकाळची एसटी धरायची. पाणी भरायचंय म्हणायची. पाऊस झाल्यावरही पाणी भरायचंय म्हणायची.

ऑर्डर निघाल्यावर सांगायला काहीच अडचण नव्हती. कायम झालेल्या माणसाला बॅटरीत चुकीचं पाणी घातलं म्हणून कुणी काढून टाकत नाही. तरी मी पुढच्या महिन्यावर ढकललं, मग मार्च संपू दे म्हटलं, मग गॅरेजवाल्याचा चांगला जम बसला होता, आता त्याला उठवणं बरं दिसणार नाही म्हटलं. प्रत्येक कारण त्या त्या वेळी बरोबर वाटत होतं.

दोन वर्षांनी साहेबांची बदली झाली. निरोप समारंभ झाला, हार-नारळ झाले. सगळे पांगल्यावर मी त्यांच्या खोलीत गेलो. ते खणातले कागद काढून एका खोक्यात भरत होते. मी उभ्या उभ्या सांगितलं. निदान माझं होतं. कट-आउट मी बदलायला लावला. बॅटरी माझ्या पाण्याने खराब झाली होती. बंधूंचं काम कच्चं नव्हतं.

साहेबांनी हातातला कागद खाली ठेवला आणि आठवायचा प्रयत्न केला. मनापासून केला. "निलंग्याला गाडी बंद पडली होती तेव्हाचं म्हणताय का?"

"हो साहेब."

"त्या दिवशी फार ऊन होतं." मग म्हणाले, "मिस्त्री तुमचे भाऊ होते?"

"सख्खे, साहेब."

"असं होय." खोक्याला सुतळी बांधायला त्यांनी मला एक टोक धरायला सांगितलं. मी धरलं. गाठ मारून झाल्यावर म्हणाले, "तेव्हाच बोलायचं ना. मी काय खाल्लं असतं तुम्हाला?"

त्यांनी खाल्लं नसतं, मला माहीत आहे. ते चांगले होते. त्या दिवशी त्यांच्या खोलीत मी सांगितलं असतं तर ते हसले असते, दादाला परत बोलावलं असतं, कदाचित मलाच चार लोकांत 'सायंटिफिक टेंपर' म्हणून चिडवलं असतं. चिडवून घ्यायची माझी तयारी नव्हती, एवढ्यासाठी खोली गेली.

साहेबांना सांगितलं हे मी दादाला सांगितलं नाही. सांगून त्याला काय मिळणार होतं? तो अहमदपूरला त्याच हॉटेलासमोर अठरा वर्षं बसला. नंतर स्टँडचा रस्ता रुंद झाला तेव्हा उठला आणि कंधारला गावाकडे गेला. मी दर दिवाळीला जातो. तो आता पंचाहत्तरीच्या पुढे आहे. ॲसिडने आणि उन्हाने एका डोळ्याला कमी दिसतं. आम्ही दोघं ओट्यावर बसतो, पावसापाण्याचं बोलतो, मुलांचं बोलतो. गावातली पोरं अजून कधीकधी मोटारसायकल घेऊन येतात, आजोबा बघा की जरा, म्हणतात. मग तो उठतो. मी बसल्या जागेवरून बघतो आणि त्याने विचारल्याशिवाय तोंड उघडत नाही. तो काही विचारत नाही.